हजेरीतली माणसं

८ डिसेंबर १९४६ या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या वागणुकीबद्दलचा ठराव मंजूर केला. भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, तरी वंशावरून माणसांची वाटणी करणाऱ्या सरकारला जगापुढे जाब विचारायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापारही भारतानं त्याच वर्षी तोडला.

त्या दिवसांत सोलापुरात, गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या त्या शहरात, तारेच्या कुंपणाआड शेकडो कुटुंबं राहत होती. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची ती माणसं. त्यांची रोज हजेरी होई आणि बाहेर पडायला पास लागे. यांनी कोणता गुन्हा केला, असं विचारायची सोय कायद्यात नव्हती. ज्या जमातीत जन्म झाला तिचं नाव सरकारी राजपत्रात छापून आलेलं होतं, तेवढं पुरे होतं. सोलापूरकर त्या वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणत आणि आजही म्हणतात.

हा संग्रह त्या कुंपणाचा इतिहास सांगतो. ते कुणी घातलं, कोणत्या विचारानं घातलं, त्याच्या आत काय चाललं, ते कसं निघालं आणि निघाल्यावर मागे काय उरलं, हे त्यातले प्रश्न. दक्षिण आफ्रिकेतलं ‘अपार्थाइड’ मराठी वाचकाला पाठ असतं: १९४८ची निवडणूक, १९५०चे लोकसंख्या नोंदणी आणि गट क्षेत्र कायदे, शार्पव्हिल, सोवेटो, मंडेलांचा तुरुंगवास, १९९४चं मतदान. आपल्या दाराशी जन्मावरून माणसं वेगळी काढणारा कायदा ऐंशी वर्षं चालला, या गोष्टीची जागा मात्र शाळेच्या पुस्तकांत जवळजवळ रिकामीच राहिली. ती जागा भरणं हा या पुस्तकाचा पहिला हेतू आहे.

हे पुस्तक जिथे तयार झालं त्या रायपूरपासून या गोष्टीची मुळं फार लांब नाहीत. १८३०च्या दशकात जबलपूर-नरसिंहपूरच्या मुलखात विल्यम स्लीमननं ठगांविरुद्ध मोहीम उघडली. १८३६च्या कायद्यानं एक नवी वाट पाडली. अमुक माणसानं अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज उरली नाही. तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं दाखवलं की जन्मठेप देता येऊ लागली. पुढच्याच वर्षी जबलपुरात माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या बायकामुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. आरोपीबरोबर त्याच्या घरादारालाही सरकारी देखरेखीत घ्यायचं आणि या व्यवस्थेला सुधारणा म्हणायचं, हा नमुना तिथे घडला. पुढच्या सेटलमेंटांचा सांगाडा त्यात दिसतो.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६मध्ये बंगालात गेला. त्यामागचा युक्तिवाद सरळ होता: हिंदुस्थानात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेबद्दलचं अर्धवट ज्ञान आणि युरोपात तेव्हा जोरात असलेलं वंशशास्त्र यांची त्यात गाठ पडली. याच वंशशास्त्राच्या भरवशावर पुढे हर्बर्ट रिस्लीसारखे अधिकारी नाकांची मापं घेऊन माणसांच्या पायऱ्या ठरवू लागले. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही होती. फिरस्ता आणि हिजडा, दोघंही सरकारच्या चौकटीत बसत नव्हते; दोघांना एकाच कायद्यात घातलं गेलं.

पण मग नेमक्या याच जमाती का? इथे इतिहासकारांचं काम फार मोलाचं आहे. बंजारे पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. छत्तीसगडचा तांदूळ बाहेर काढणारे आणि किनाऱ्याचं मीठ आत आणणारे तेच. १८८०च्या दशकात नागपूरकडून रेल्वे छत्तीसगडात शिरली आणि गोणीसाठी तांड्याची वाट पाहायचं कारण संपलं. मीना राधाकृष्ण यांनी मद्रास इलाख्यातल्या कोरवांबद्दल हेच दाखवून दिलं आहे: रेल्वेनं आणि मिठाच्या सरकारी धोरणानं आधी धंदा काढून घेतला, आणि मग धंदा नाही म्हणून त्यांच्यावर संशय घेतला गेला. १८७८च्या वन कायद्यानं शिकार, बांबू, गवत, मध यांवर पहारा बसवला. पारध्याचं जाळं आणि कैकाड्याची टोपली दोन्ही अडचणीत आली. रामोशी आणि बेरड तर गावाची, गडाची राखण करणारे लोक. कंपनीचं राज्य आल्यावर त्यांची वतनं गेली, उमाजी नाईक उठला, ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात फासावर गेला. ज्यांनी राज्याविरुद्ध हत्यार उचललं ते राज्याच्या दप्तरात गुन्हेगार झाले. आणि १८५७ नंतर तर रस्त्यावरून हिंडणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाकडे सरकार भीतीनंच पाहत होतं.

या लोकांमधले काही चोऱ्या करत नव्हते का? करत होते. उपाशी माणूस करतो. पण चोरीला शिक्षा द्यायला भारतीय दंडसंहिता १८६२पासून हजर होती. गुन्हेगार जमाती कायद्याची गरज चोरी पकडण्यासाठी नव्हती. सरकारला ठाऊक हवं होतं की अमुक माणूस आज रात्री कुठे झोपणार आहे.

म्हणूनच कुंपणापेक्षा नोंदवहीकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पुस्तकाचा सगळा रोख त्यावर आहे. कुंपण काही हजारांभोवती पडलं. नोंदवहीत लाखो गेले. जिल्हा मॅजिस्ट्रेट नाव नोंदवणार, नोंदवलेल्यानं ठरल्या वेळी हजर व्हायचं, गाव सोडताना पास घ्यायचा, पोचल्यावर तो दाखवायचा. गावचा मुखिया, चौकीदार, जमीनदार यांच्यावर खबर देण्याची सक्ती. १८९७च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा दिली. १९११च्या कायद्यानं ही सगळी व्यवस्था मुंबई, मद्रास, मध्य प्रांतासकट देशभर नेली, बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला आणि प्रांतिक सरकारनं एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं लिहून ठेवलं. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मभराचं काळं पाणी. १९२४मध्ये हे सारं पुन्हा एका कायद्यात बांधलं गेलं.

ठशांची हकीकत तर स्वतंत्र प्रकरणाच्या तोलाची आहे. बोटांच्या ठशांचं वर्गीकरण करायची पद्धत कलकत्त्यात तयार झाली. तिच्यामागे खरी गणिती मेहनत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांची. नाव राहिलं वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. १८९७मध्ये तिथे ठशांची कचेरी उघडली. बोअर युद्धाच्या काळात हेच हेन्री पोलीसदलाची घडी बसवायला दक्षिण आफ्रिकेत गेले. १९०६मध्ये ट्रान्सवाल सरकारनं आशियाई लोकांवर ठशांची आणि नोंदणीची सक्ती आणली. ११ सप्टेंबर १९०६ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधल्या सभेत तिच्याविरुद्ध शपथ घेतली गेली आणि तिथून सत्याग्रहाची सुरुवात झाली. १६ ऑगस्ट १९०८ला दाखल्यांची होळी पेटली. मराठी मुलखात या लढ्याबद्दल केवढी आपुलकी होती! गोखल्यांनी फेब्रुवारी १९१०मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला जाणारी गिरमिटियांची भरती बंद करण्याचा ठराव आणला आणि तो मान्य झाला. १९१२मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले.

याच कायदेमंडळानं १९११मध्ये गुन्हेगार जमाती कायदा देशभर लागू केला. जोहान्सबर्गच्या व्यापाऱ्याच्या अंगठ्यासाठी जीव तुटणाऱ्या समाजाला बारामतीच्या पारध्याचा अंगठा दिसला नाही. हे वाक्य लिहिताना राग येतो आणि तो लपवण्याचं कारण नाही. फ्रान्सनं १९१२मध्ये जिप्सींसारख्या ‘भटक्यां’ना ठसे आणि मापं असलेलं पुस्तक बाळगायला लावलं आणि ते १९६९पर्यंत चालू ठेवलं. म्हणजे एकटा इंग्रज किंवा एकटा बोअर या पापाचा धनी नाही. ज्याचं घर चाकांवर किंवा पाठीवर आहे त्याला कागदात पकडून ठेवण्याचा हव्यास त्या काळच्या अनेक राज्यांना जडला होता.

या विषयावर लिहिणाऱ्यांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत, आणि त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

पहिली अंमलदारांची. मायकेल केनेडीचं मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वरचं १९०८चं पुस्तक पोलिसांच्या हाताशी असावं म्हणून लिहिलं होतं. मध्य प्रांतात आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६मध्ये निघाले. रायपूर, बिलासपूर, दुर्गच्या जातिजमातींबद्दल आजही कुणी काही लिहायचं ठरवलं की हेच खंड उघडतो. त्यांतली माहिती मोठी आहे, हिरालालांचा व्यासंगही निर्विवाद. पण पारधी शिकार कशी करतो आणि चोरी कशी करतो, हे त्यात एकाच श्वासात, एकाच खात्रीनं सांगितलं जातं. ती खात्री कुठून आली, हे विचारल्याशिवाय ते खंड वापरू नयेत.

दुसरी परंपरा सुधारकांची. मुक्तिफौजेचे बूथ-टकर, सोलापूरच्या वस्तीचं काम काही काळ पाहणारं अमेरिकन मराठी मिशन, आणि विजापूरपासून सेटलमेंटांची आखणी करणारे ओ. एच. बी. स्टार्टे. ही माणसं मनानं दुष्ट नव्हती. शाळा काढल्या, हातांना काम दिलं. स्टार्टे पुढे ज्या समितीचे अध्यक्ष झाले तिच्यात डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवरचा तिचा १९३०चा अहवाल महत्त्वाचा आहे. पण काम म्हणजे कोणतं? सोलापूर, हुबळीच्या कापड गिरण्यांना असा मजूर मिळाला जो नोकरी सोडून दुसऱ्या गावी जाऊ शकत नव्हता. पास गिरणीपर्यंतचाच होता.

तिसऱ्या परंपरेबद्दल मराठी वाचकाला बोलायला जड जातं, कारण ती आपल्या आवडत्या पुस्तकात आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. खेड्याच्या अर्थव्यवहाराचं इतकं बारकाईचं वर्णन मराठीत दुसरं नाही. त्यात ‘फिरस्ते’ नावाचं प्रकरण आहे. गाडा ओढणाऱ्या कुणब्याच्या बाजूनं लिहिताना आत्रे फिरस्त्यांकडे गावावरचा बोजा म्हणूनच पाहतात. कायदा इंग्रजांचा असला तरी त्याच्या खबरी देणारा पाटील, नोंद करणारा कारकून, हजेरी घेणारा जमादार इथलाच होता, आणि त्याच्या मनाची घडण या प्रकरणात वाचायला मिळते. ‘गावगाडा’ टाकून देऊ नये; जपून वाचावा.

१९८०नंतर आनंद यांग, संजय निगम, मीना राधाकृष्ण यांच्या अभ्यासांनी ‘गुन्हेगार जमात’ ही वस्तू सरकारी दप्तरानं बनवली, हे पुराव्यानिशी मांडलं. मात्र मराठीत त्याच सुमाराला त्याहून मोठी गोष्ट घडत होती. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये आलं, दादासाहेब मोरे यांचं ‘गबाळ’, भीमराव गस्ती यांचं ‘बेरड’, आत्माराम राठोड यांचं ‘तांडा’, आणि १९८७मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्याबद्दल शंभर वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं त्यांनी लेखणी हातात घेतली. भारतातल्या कुठल्याही भाषेत विमुक्तांनी, म्हणजे या कायद्यातून पुढे सुटलेल्या जमातींनी, स्वतःबद्दल इतक्या संख्येनं, इतक्या लवकर आणि इतक्या ताकदीनं लिहिलेलं नाही, असं ठामपणे म्हणता येईल. दिल्लीच्या आयोगांना जे उमजायला वेळ लागला ते या पुस्तकांत आधीच होतं: पोलिसाची रात्रीची थाप, शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यापाशी अडलेला बाप, पाल उठवून पुढे हाकलणारं गाव.

कायदा पडला तो टप्प्याटप्प्यानं. मद्रासनं १९४७मध्ये तो रद्द केला, मुंबईनं १९४९मध्ये. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या अहवालानंतर केंद्रानं तो देशभर मोडीत काढला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून १२७ जमाती कागदावर मोकळ्या झाल्या. विमुक्त हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळतात. त्याच १९५२ साली दक्षिण आफ्रिकेनं प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाच्या खिशात पासबुक असलंच पाहिजे असा कायदा केला आणि २६ जूनला तिथे अवज्ञा आंदोलन सुरू झालं. एका देशात पास संपत होते, दुसऱ्यात घट्ट होत होते. पुढे चार दशकांनी तिथली नोंदणीही गेली. १९९१मध्ये लोकसंख्या नोंदणी कायदा रद्द झाला. पण मंडेलांच्या देशानं सत्य आणि समेट आयोग बसवला, जखमांची जाहीर सुनावणी घेतली. सोलापूर, हुबळी, विजापूरच्या सेटलमेंटांत काय झालं याची जाहीर सुनावणी भारतात कधीच झाली नाही.

उलट, जुन्या कायद्याची जागा ‘सराईत गुन्हेगार’ कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा. जमातीचं नाव गेलं, माणसाचं नाव राहिलं, आणि ते बहुतेक वेळा त्याच वस्तीतून आलं. फेब्रुवारी १९९८मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन साबर हा तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला; अहमदाबादच्या छारानगरात बुधनच्या नावानं नाट्यगट उभा राहिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०००मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं २००७मध्ये सराईत गुन्हेगार कायदे काढून टाका असं सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातीवर आधारलेला कामाचा भेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत मानणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवलं. स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत हे नियम २०२४पर्यंत छापील स्वरूपात होते, ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी अशी आहे.

रायपुरात हे पुस्तक तयार व्हावं, याला कारण आहे. भोसल्यांच्या अमलापासून इथे मराठी घरं आहेत. कारकून, मास्तर, वकील, रेल्वेतले लोक म्हणून नंतरही येत राहिली. त्यांच्या आसपासच, राजिमच्या वाटेवर, महानदीच्या काठानं पारध्यांची बिऱ्हाडं फिरली. सोलापूरचं कुंपण इथे नव्हतं. यादी होती, आणि यादीचा खेळ इथे जास्त स्पष्ट दिसतो. २०००मध्ये छत्तीसगड राज्य झालं तेव्हाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी हे नाव ठरावीक जिल्ह्यांपुरतं आणि तहसिलींपुरतं आहे. जुन्या रायपूर जिल्ह्यात ते बिंद्रानवागढ, राजिम आणि देवभोग एवढ्याच तहसिलींत चालतं. म्हणजे राजिमचा पारधी आदिवासी आणि रायपूर शहरात येऊन राहिलेला त्याचा भाऊ कागदावर आदिवासी नाही. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि पाल पारधी, राज पारधी विमुक्तांत. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत, सोलापूरचा विमुक्त जातीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती, छत्तीसगडात इतर मागास. ज्यांचं आयुष्यच सीमा ओलांडण्यात गेलं त्यांची ओळख प्रत्येक सीमेवर बदलते.

आणि मोजणी? आंबेडकरांनी १९४८मध्ये ‘गुन्हेगार’ ठरवलेल्यांची संख्या सुमारे दोन कोटी धरली होती. दुसरीकडे स्वातंत्र्याच्या वेळचा आकडा १ कोटी ३० लाख असा दिला जातो. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं २००८मध्ये भटक्या-विमुक्तांची संख्या दहा कोटींच्या पुढे मानली. भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाला अडीचशेहून अधिक जमाती अशा आढळल्या की ज्यांचं नाव अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास यांपैकी कुठल्याच यादीत नाही. पुढच्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्रानं एप्रिल २०२५मध्ये घेतला, तेव्हा विमुक्तांच्या संघटनांनी स्वतंत्र रकाना मागितला. ज्यांचा अंगठा राज्यानं इतक्या काळजीनं टिपून ठेवला त्यांची डोकी मोजायला मात्र राज्याला वेळ झाला नाही.

हा संग्रह काय करतो आणि काय करत नाही, तेही सांगायला हवं. तो दयेसाठी लिहिलेला नाही. दप्तरांतले अहवाल, गॅझेटिअर, समित्यांची पानं एका बाजूला आणि आत्मकथनं, मुलाखती, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी दुसऱ्या बाजूला ठेवून तो एकाच घटनेचे दोन कागद वाचायला लावतो. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे संपादकांनी घाई केलेली नाही. दक्षिण आफ्रिका, अमेरिका, फ्रान्स यांच्याशी तुलना आहे, पण अपार्थाइड आणि गुन्हेगार जमाती कायदा एकच होते असा दावा नाही. तिथे राज्यानं बहुसंख्यांना वेगळं काढलं, इथे सगळ्यांत लहान आणि विखुरलेल्या समूहांना. तिथे लढ्याला मोठा पक्ष मिळाला, इथे फार काळ कुणीच नाही. यमगरवाडीसारख्या, भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठीच्या वसतिगृहांतून शिकलेल्या मुलांची पिढी आता स्वतः संशोधन करते आहे. या संग्रहातले सगळ्यांत धारदार लेख तिचे आहेत.

शेवटच्या भागात एक ठोस मागणी आहे आणि तिच्यामागे सगळ्या पुस्तकाचं बळ उभं आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पालात जन्मलेल्या, सातबारा नसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजोबांचा पुरावा नातवानं आणायचा कुठून? तो पुरावा आहे. सेटलमेंटांच्या नोंदवह्यांत आहे, पोलीस ठाण्यांच्या जुन्या हजेरीपटांत आहे, ठशांच्या कागदांवर आहे. त्यातलं जे मुंबई, नागपूर, भोपाळ, रायपूरच्या दप्तरखान्यांत शिल्लक असेल ते शोधून त्याच्या प्रती काढाव्यात, वंशजांना नाव विचारताच पाहू द्याव्यात, आणि जातपडताळणी समित्यांनी ते कागद पुरावा म्हणून स्वीकारावेत.